मी बोलतो, तू ऐक

कुठल्याही यंत्रासमोर आले की मामा आधी त्याच्यावर तळहात ठेवायचे. कॉम्प्युटर असो, पाण्याचा कूलर असो, एकदा तर आमच्या विभागप्रमुख बाईंची चालू स्कूटर. डोळे अर्धे मिटायचे, मान जरा कलती व्हायची आणि म्हणायचे, "थांबा. हात सांगतोय."

हात खरंच सांगायचा. आमच्या दवाखान्यातल्या कूलरबद्दल ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "ह्याचा पंखा एका अंगाला घासतोय. आठ दिसात बोंबलनार." सहाव्या दिवशीच बोंबलला. तेव्हापासून आमचे शिपाई काका त्यांना बघून उठून उभे राहायला लागले. मोठ्या डॉक्टरांनाही ते उठत नाहीत.

मामा माझे सख्खे नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची, आणि ते जॉबर होते. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहिला असाल तर जॉबर कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. यंत्रमागाच्या शेडमध्ये कामगार माग चालवतो, आणि तो माग रुसला की त्याला पुन्हा बोलता करतो तो जॉबर. मामा मूळचे मोहोळकडचे, तरुणपणी कामाला म्हणून शहरात आले आणि चाळीस वर्षं चादरीच्या मागांची मनधरणी करत राहिले. कान तिथंच गेले. शेडमध्ये कान जाणं ही काही बातमी नसते. ज्यांचे शाबूत राहतात त्यांच्याकडेच जरा संशयानं बघतात.

हे मला कसं माहीत, तर मी त्याच गल्लीतली. माझे वडील माग चालवायचे, आई विड्या वळायची. दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडे शेड. दिवसा भिंतीला टेकून बसलं तर दातांना मुंग्या यायच्या. वीज गेली की वडिलांचं काम बंद, आणि काम बंद म्हणजे त्या दिवशी आमटीत पाणी जास्त. पाहुणे आले की मी आणि भाऊ "भूक नाही" म्हणायचं, हे आईनं आम्हाला पढवून ठेवलं होतं. मी दहावीचा अभ्यास कानात कापूस घालून केला. वडिलांचे कान मी सातवीत असतानाच गेले होते. त्यांना कुणी यंत्र दिलं नाही. असं काही मिळतं हेही आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

पण एक गंमत होती. शेडमध्ये आवाजावर आवाज चढवून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. घसा वापरतच नाहीत. वडील घरी आल्यावरही तसेच बोलायचे आणि आईही शिकली होती. आमच्या घरातली भांडणं मुक्यानं व्हायची. दोघं समोरासमोर उभे राहून तोंडं हलवायचे, हातवारे करायचे, आणि शेजारची मावशी आईला म्हणायची, "तुमचा संसार किती शांत गं!"

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी विसरले होते.

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. पदवी घेतली, कानाचंच शिक्षण घेतलं, आणि पुढच्या शिक्षणासाठी अभ्यासाचा विषय घेतला: मागावर काम करून कान गेलेल्या माणसांना श्रवणयंत्र कसं बसवावं. बसवणं हा शब्द फसवा आहे. यंत्र कानात घालायला एक मिनिट लागतं. खरं काम त्यानंतरचं. कुठला आवाज किती वाढवायचा, कुठला तसाच ठेवायचा. मागावर गेलेल्या कानाला जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. कॉम्प्युटर एक हिशेब मांडून देतो, पण तो हिशेब सगळ्या जगासाठी सारखा. पूर्व भागातल्या कानांना तो लागू पडतो का, हे मला तपासायचं होतं. पुण्याचे एक सर मार्गदर्शक होते. ते लॅपटॉपवरून दिसायचे.

मामा माझ्याकडे आले ते मामींनी ढकलल्यामुळे. मामी दारातूनच म्हणाल्या, "बाई, ह्यांना हाक मारायची म्हंजे मला कांडी फेकून मारावी लागती. पाठीत बसली तर वळत्यात, डोक्यात बसली तर भांडत्यात." कांडी म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी नळी. मामींच्या कमरेला दोन-तीन रिकाम्या कांड्या कायम खोचलेल्या असायच्या.

"तिचं सोड," मामा म्हणाले. "मला लेकीसाटी पायजे."

लेक सुरतेला दिलेली. दर रविवारी फोन यायचा. मामांची फोनवर बोलायची पद्धत ठरलेली होती. आधी फोनच्या पाठीवर तळहात ठेवायचे. आवाज थरथरला की हुंकार द्यायचे, मग फोन तोंडासमोर धरून सुरू, "हां. मी बोलतो, तू ऐक. आमी बरं हाय. तुजी आई बरी हाय. पाऊस न्हाय. पोरांना शिकीव. ठेवतो." आणि ठेवायचे. सहा वर्षं दर रविवारी हेच. पाऊस असला तरी "पाऊस न्हाय".

"व्हिडिओवर बोला की मामा," मी म्हणाले. "तोंड दिसेल."

"कुटलं दिसतंय! ती फोन डब्याला टेकवून भाकरी थापती. मला पंखा दिसतोय. सुरतेचा पंखा मला पाठ झालाय पोरी, त्याचं एक पातं वाकडं हाय." मग त्यांनी तळहात पुढं केला. "हाताला कळतंय ती बोलती म्हनून. काय बोलती ते हात सांगत न्हाय. आदी लई बोलायची. आता हाताला कमी लागतंय. दोन मिन्टात गप व्हती. काय झालंय का तिला, ते तेवडं मला ऐकायचंय."

झालं. अभ्यासात मामांचं नाव लिहिलं गेलं.

आधी शिट्ट्यांची चाचणी. बंद खोलीत बसवून कानात बारीक-जाड शिट्ट्या वाजवायच्या, ऐकू आली की बोट वर. मामांचा आलेख डोंगरावरून दगड सुटावा तसा खाली गेला. मग शब्दांची चाचणी. पंचवीस शब्द, ऐकून परत म्हणायचे, आधी यंत्राशिवाय, मग यंत्रासह. दोन्हींतला फरक म्हणजे यंत्राचा उपयोग. हे शब्द खरं तर स्पीकरवरून द्यायचे, पण आमचा स्पीकर दुरुस्तीला गेला होता, म्हणून सरांच्या परवानगीनं मीच म्हणत होते. नियमाप्रमाणे मामांच्या पाठीमागे बसून. माझं तोंड त्यांना दिसणार नाही अशी पक्की व्यवस्था. त्यांच्यासमोर फक्त खोलीची काच.

यंत्राशिवाय मामांना पंचवीसपैकी चोवीस.

मी पुन्हा केलं. पंचवीस.

यंत्र घातलं. पंचवीस. दर शब्दानंतर मान ताठ, जणू शाळेत पहिला नंबर काढताहेत. मी विचारलं, "मामा, यंत्र कसं वाटतंय?"

"बेस्ट हाय. फकस्त भांडी लई वाजत्यात. जरा कमी कर."

मार्क पूर्ण आहेत म्हटल्यावर मी आवाज कमी केला. पुढच्या खेपेला आणखी कमी केला. मार्क ढळले नाहीत. रविवारी फोनचं काय झालं म्हणून विचारलं तर मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बगू. हुईल." मामींनी मागून मान हलवली आणि कमरेची कांडी काढून दाखवली. अजून लागते, असा अर्थ.

सरांना आकडे पाठवले. ते लॅपटॉपवर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "आलेख म्हणतो हा माणूस बहिरा. शब्द म्हणतात धडधाकट. दोन्ही खरं कसं असेल?"

"सर, मी तीनदा तपासलं."

"असे तुमच्याकडे अजून किती?"

अजून चौघं होते. सगळे मागवाले. सगळ्यांना यंत्राशिवाय पूर्ण मार्क.

सर म्हणाले, "हे आकडे भरताना तुम्ही त्या खोलीत होता ना?"

पदवीच्या पाच वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी रडले नाही. आई म्हणते रडले. मामा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी दाराच्या फटीतून सरांचं तोंड बघितलं होतं आणि माझंही. जाताना नुसतं एवढं म्हणाले, "काळजी करू नगंस. फुडच्या टायमाला पंचवीसला पंचवीस. माजी जबाबदारी."

पुढच्या खेपेला शिपाई काका रजेवर होते. आमच्या शिपाई काकांना विजेची फार कळकळ. चाचणीच्या खोलीबाहेरची ट्यूब ते दिवसभर बंद ठेवायचे, कुणी लावली तर मागोमाग जाऊन विझवायचे. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी ट्यूब लावली ती लावली.

मी पाठीमागे बसून पहिला शब्द म्हणाले. मामा गप्प. दुसरा. गप्प. तिसऱ्याला काहीतरी भलतंच म्हणाले. पंचवीसपैकी चार. मामा काचेकडे बोट दाखवून वैतागून म्हणाले, "आसं कसं जमनार? बाहीरची लाईट बंद करा की!"

"मामा, ऐकण्याचा आणि लाईटचा काय संबंध?"

"मंग तू दिसायची कशी?"

मी उठले आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून काचेत बघितलं. पलीकडे ट्यूब, बाकडी, भिंतीवरचं कॅलेंडर. मग बाहेर जाऊन ट्यूब विझवून आले आणि पुन्हा बघितलं. काचेत मी होते. आरशात असावी तशी. कुंकवाची टिकली जरा तिरकी होती तीही दिसत होती.

मागवाल्याच्या घरात जन्मून, आई-बापांची मुकी भांडणं बघत वाढून, हे मला कळू नये? पुस्तकात लिहिलं होतं पाठीमागे बसा, म्हणून मी बसले होते. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घराशेजारी शेड नसणार.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही काचेतून ओठ वाचत होता?"

"व्हय." चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही.

"आणि बाकीचे चौघं?"

"त्येंना मीच सांगितलं, काचंत बगा म्हनून."

"आणि शिट्ट्यांच्या वेळी?"

"शिट्टीला कुटं तोंड आसतंय?"

"मामा, पण का?"

आता मात्र ते जरा ओशाळले. तळहात मांडीवर घासत म्हणाले, "तुजी परीक्षा हाय की. कागदावर वर तुजं नाव. खाली मार्क. त्यो पुन्याचा सर तुला इचारतोय, किती पडले म्हनून. तू आमच्या गल्लीतली पोर, एवडी शिकलीस. तुजा बा माज्याच शेडमदी मागावर हुता. आमच्यापायी तुजे मार्क कमी पडावेत व्हय?"

हसावं की काय करावं मला कळेना. पाच म्हातारी माणसं, स्वतःचे कान बिघडलेले ठेवून, मला पास करायला एकजुटीनं कॉपी करत होती. आणि त्या कॉपीमुळे मी मामांचं यंत्र दर खेपेला कमी-कमी करत त्यांना पुन्हा बहिरं करून ठेवलं होतं. दर रविवारी लेक सुरतेहून बोलत होती आणि यांच्या तळहातापलीकडे काही पोचत नव्हतं.

मी समोर बसले, ओठ नीट हलवत म्हणाले, "मामा, यंत्राशिवाय तुम्ही नापास झालात तरच मी पास."

"आसलं उलटं कोन शिकवतं?"

"पुण्याचे सर."

"तरीच," मामा म्हणाले.

पुढच्या खेपेला ते येताना काखेत एक मोठी चादर घेऊन आले. लाल-पांढरी, मोराची, त्यांच्याच हाताखालच्या मागावरची. "ही लाव काचंवर. मंजी चोरी करायची वासनाच नगं." शिपाई काकांनी स्टुलावर चढून खिळे ठोकले. ट्यूब बंद ठेवायला मोकळीक मिळाल्यामुळे तेही खूश.

मग चाचणी. यंत्राशिवाय शून्य. मी म्हटलं, ठीक, होऊ शकतं. यंत्र घातलं, आवाज पुन्हा हिशेबाप्रमाणे वाढवला. शून्य. एकेक शब्दाला मामा ठाम मान हलवायचे. "न्हाय. काय बी न्हाय." इतक्या जोरात न ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. तेवढ्यात बाहेर मामींच्या हातून पितळी डबा पडला आणि मामा खुर्चीतून वीतभर उडाले.

"मामा!"

"काय?"

"ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय की. पन तूच म्हनलीस, मी नापास तर तू पास."

मी कपाळावर हात मारला. "मामा, खरं सांगायचं! जेवढं ऐकू येईल तेवढंच. ना जास्त, ना कमी."

"मंजी नुसतं खरं?"

"नुसतं खरं."

"मग आदी सांगायचं! उगं पाच मानसांचा जीव टांगनीला लावलास."

त्या दिवशी खरे आकडे आले. यंत्राशिवाय सहा. यंत्रासह पंधरा. मी सरांना सगळी हकिकत जशीच्या तशी सांगितली, काचेसकट. सर इतके हसले की पडद्यावरून बाहेर गेले. परत आले ते गंभीर होऊन, आणि म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. आणि हे तुमच्या प्रबंधात पहिल्या प्रकरणात लिहा." मामांनी पडद्यावरचे ओठ वाचले आणि मला खुणावलं, मानूस बरा हाय.

पण पंधरा म्हणजे अजून फोन नाही. फोनला पुरायचं तर बारीक आवाज आणखी वाढवायला हवे होते, आणि वाढवले की मामा यंत्र काढून खिशात टाकत. भांडी, कुकर, रिक्षा, सगळं डोक्यात जातं म्हणत. मी कॉम्प्युटरशी झटत होते. मामांनी कॉम्प्युटरवर तळहात ठेवला, मग उचलला.

"ह्यो काय सांगत न्हाय. मी सांगतो. नवा माग बसीवला की पयल्या दिशी पळवतेत का? सूत तुटतंय. आटवडाभर निम्म्यानं चालवायचा, मंग जरा, मंग जरा. मागाला बी सवय व्हावी लागती. कान काय लोखंडाचा हाय?"

तसंच केलं. निम्म्यापासून सुरुवात, दर आठवड्याला एकेक पायरी. आणि काय ऐकलं ते मामांनी वहीत लिहायचं, असं मीच सुचवलं. ती वही माझ्याकडे आहे. जॉबरच्या हातची, एकेक ओळीची:

"कुकर. शिव्या देतो तसा वाजतो."

"चालताना कोणतरी मागं येत होतं. माझीच चप्पल."

"कागद वाजतो. एवढं वय झालं, माहीत नव्हतं."

"बायको. दिवसभर बोलते. यंत्राचा दोष नाही."

मामींनी ही शेवटची ओळ वाचली आणि कांडी फेकली. मामा न वळताच बाजूला झाले. म्हणाले, "आली ते ऐकू आलं." ती कांडी मग मामींनी कमरेला परत खोचली नाही.

बारावा आठवडा. मार्क तेवीस, चादर खाली सोडलेली, मामांचे डोळे मिटलेले. मी म्हटलं, "आता फोन लावा." रविवार नव्हता. मामा म्हणाले, "घाबरंल ती." पण लावला. फोन कानामागच्या यंत्राजवळ कसा धरायचा ते मी दाखवलं. पलीकडून लेकीचा आवाज मलाही पुसट ऐकू येत होता.

"आप्पा? आज कसा काय फोन? आई बरी आहे ना?"

मामा म्हणाले, "बरी हाय. आज मी ऐकतो. तू बोल."

 

"काय बोलू?" लेक म्हणाली.

"काय बी."

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"येतंय. तू गप का झालीस ते बी सांग. मला वाटलं तुला काय झालंय."

"मला कुठं काय झालंय! तुम्ही ऐकतच नव्हता, मग कुणाशी बोलू, आप्पा?"

आणि मग ती बोलायला लागली. मोरीच्या नळाचं सांगितलं, तो आठवडाभर गळतोय. धाकट्यानं शाळेत कुणाचा तरी डबा खाल्ला. वरच्या मजल्यावरची बाई कपडे ठिबकते तसेच वाळत घालते. सासूबाईंचा गुडघा. पुन्हा नळ. एकही महत्त्वाची गोष्ट त्यात नव्हती. मामा हूं हूं करत होते. एकदाच मध्ये बोलले, "आनि त्या पंख्याचं पातं सरळ करून घे."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो फोनवर नव्हता, टेबलावर नव्हता. मांडीवर उताणा पडला होता, काम संपलेल्या माणसासारखा.

मामा आता सोलापुरात नाहीत. लेकीनं दोघांना सुरतेला नेलं. तिथं त्यांनी तिच्या वॉशिंग मशीनवर हात ठेवून काहीतरी भाकीत केलं आणि ते खरं ठरलं, असं मामी फोनवर सांगत होत्या. मोराची चादर आमच्या काचेवर अजून आहे. नवीन मागवाला चाचणीला आला की आधी तिच्याकडे बघतो आणि हिरमुसतो.

माझा अभ्यास पुरा झाला, मला पुढची पदवी मिळाली. त्या चौघांची यंत्रंही नव्यानं बसवली, पायरी-पायरीनं. आणि सुरतेला जाण्याआधीच मामांना लेकीचं बोलणं फोनवर कळायला लागलं होतं. त्या पहिल्या फोनला ते अकरा मिनिटं ऐकत होते. मी घड्याळ लावून मोजलंय.